आखाजीला सुटलेलं तोंड

माझ्याबद्दल आमच्या कॉलनीत एकमत आहे. फार शांत बाई, असं सगळे म्हणतात. जळगावच्या पिंप्राळ्यातली आमची गल्ली तशी बोलकी. पाण्याच्या टँकरवरून, कुणाची गाडी कुणाच्या फाटकापुढे लागली यावरून रोज काही ना काही होत असतं. त्यात माझा आवाज कुणी ऐकलेला नाही. कॉलनीच्या हॉलमध्ये सकाळी ध्यानाचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई नव्या लोकांना सांगतात, "यांच्या चेहऱ्याकडे बघा. असं निवांत व्हायचंय आपल्याला." मग सगळे माझ्याकडे बघतात. माझे डोळे मिटलेले असतात, पण बघणं कळतं.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय चालू असतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. शिव्या चालू असतात.

साध्या नव्हेत. रस्त्यावर फुकट मिळतात तसल्या तर मुळीच नाहीत. माझ्या शिव्यांना चाल असते. त्यांत समोरच्याच्या स्वयंपाकाचा, सोयऱ्यांचा आणि बैलांचा उल्लेख येतो, आणि त्या अहिराणीत असतात. मी वीज खात्याच्या तक्रारीच्या टेबलावर बसते. मे महिन्यात जळगावात भर दुपारी लाइट गेली की माणसं माझ्यापुढे येऊन जे काय बोलतात, ते मी मान खाली घालून ऐकते आणि म्हणते, "तक्रार नोंदवून घेतली आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी ध्यानात मी त्या माणसाला उत्तर देते. श्वास आत घेताना पहिली ओळ, बाहेर सोडताना दुसरी. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, यांचा श्वास बघा किती लयीत चाललाय.

उत्तर देऊन झालं की मला वाईट वाटतं. त्या माणसाच्या घरी लहान मूल असेल, पंख्यावाचून रडत असेल, आणि मी त्याच्या बैलांपर्यंत गेले. मला अपराधी वाटायला तसं फारसं कारण लागत नाही. रिक्षावाल्याने चुकीच्या गल्लीत नेलं तर मीच म्हणते, माफ करा, मी नीट सांगितलं नसेल. नवऱ्याला ठसका लागला की मला वाटतं, फोडणी माझीच होती. लग्नात कुणी रुसलं तर मी मनातल्या मनात तपासत बसते, मी त्यांना नमस्कार केला होता ना? अशा बाईच्या आत तसली दुसरी बाई राहते हे कळलं तर लोक काय म्हणतील, या धास्तीत माझी पन्नाशी आली.

ती दुसरी कुठून आली, ते आधी सांगते.

माझं माहेर धुळ्याकडचं, पांझरेच्या काठचं एक खेडं. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. बाकीचे लोक अक्षय्य तृतीया म्हणतात, ती. त्या दिवसांत लग्न झालेल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आमरसाच्या पातेल्याला टेकून झोपतात. पुरुष झाडाखाली पत्ते कुटत बसतात, त्यांना कुणी हाक मारत नाही, आणि तेही खूष असतात. शेवटच्या संध्याकाळी गौराई बोळवायला सगळ्या नदीवर जातात, तेव्हा शिव्यांचा कार्यक्रम होतो. आमचं गाव अलीकडच्या काठाला, दुसरं गाव पलीकडच्या. मधे वाळू, आणि वाळूत म्हशीला पुरेल एवढं पाणी. अलीकडच्या लेकी पलीकडच्या लेकींना शिव्या घालतात, पलीकडच्या उलट घालतात. वैर काही नाही. एरवी दोन्ही गावं एकाच पिठाच्या गिरणीवर जातात. पूर्वी ढेकळंही मारत, आता नुसतं तोंड. नियम थोडेच. झालेली शिवी पुन्हा घालायची नाही. रडायचं नाही. आणि गप्प बसायचं नाही. जी गप्प बसली तिचं गाव हरलं. अंधार पडला की जे बोललं ते काठावर टाकून घरी जायचं.

परकर जाऊन साडी यायच्या आत मी आमच्या काठाची पुढारी झाले होते. पलीकडच्या म्हाताऱ्या निरोप पाठवायच्या, ती बारकी येनार असेल तर आम्ही कानात बोळे घालून येतो. माझी आई शेजारणींना सांगायची, "पोरगी अभ्यासात बी हुशार शे." त्यातला 'बी' मला फार आवडायचा.

मग लग्न होऊन मी जळगावला आले. सासरची माणसं चांगली होती, हे आधीच लिहून ठेवते, नाहीतर मला रात्रभर झोप येणार नाही. पहिल्याच आठवड्यात दूध उतू जायला लागलं आणि मी स्वयंपाकघरातून दोन शब्द असे काही ओरडले की ओसरीवर बसलेले सगळे हसले. प्रेमानेच हसले. सासूबाई आत आल्या, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "हळू गं. इथे सगळे जवळच आहेत." एवढंच. कुणी रागावलं असतं तर मी भांडले असते. पण प्रेमाने हसलेल्या माणसांशी कसं भांडायचं, हे मला नदीवर कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी हळू बोलायला लागले आणि मला ते इतकं जमलं, की पुढे बोलायचीच गरज उरली नाही.

आखाजीला जाणंही सोडलं. आई दरवर्षी फोन करायची. मी सांगायचे, उन्हाळ्यात आमच्या टेबलाला सुटी नसते. ते खरं होतं, पण अर्ज मी कधी केलाच नव्हता. खरी भीती वेगळी होती. गेले, तोंड उघडलं आणि पूर्वीसारखी मजा आली, तर जळगावला परत कोणती बाई यायची? आई गेली, त्यानंतर वहिनी फोन करायला लागली. तिच्याशीही मी तेच बोलायचे.

आता यंदाची गोष्ट.

माझ्या लेकीने पुण्यात स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं. मुलगा धुळ्याचा, तिच्याच ऑफिसातला, नाव ठेवायला जागा नाही असा. आमच्या घरी तो एकदा येऊन गेला होता. मी त्याला तीन वेळा पोळी वाढली आणि एकदाही काही विचारलं नाही. उरलं होतं ते आईवडिलांनी एकमेकांना भेटणं. चैत्रात आम्ही दोघं धुळ्याला त्यांचं घर बघायला गेलो. मुलाची आई शाळेत मुख्याध्यापिका. इस्त्रीची साडी, कपाळावर बारीक टिकली, आणि बोलणं असं की प्रत्येक वाक्याखाली ओळ आखलेली आहे असं वाटावं. मला धडकी भरली. मी आणखी सभ्य झाले. त्या म्हणाल्या, "घ्या ना." मी म्हणाले, "हो, घेते ना." त्या म्हणाल्या, "ऊन फार आहे यंदा." मी म्हणाले, "फार." पुरुष नव्या बायपासवर बोलत होते आणि त्या विषयाचा मला हेवा वाटत होता. चहा असा गोड, की जिभेला चिकटत होता. मी अर्धा प्यायले, अर्धा ठेवला आणि मग अर्धा ठेवला याचं वाईट वाटून घेत बसले.

पण खरी चूक दुसरीच होती. खानदेशात दोन बायका भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: माहेर कुठलं? बसमध्ये, दवाखान्यात, स्मशानातून परत येतानासुद्धा. तो विचारला की पुढचं सगळं आपोआप सुटतं. मी तो विचारला नाही. मी विचारलं असतं तर त्यांनी उलट विचारलं असतं, मग गावाचं नाव आलं असतं, मग नदी, मग आखाजी. मुख्याध्यापिकेला तिकडे कशाला न्या? त्यांनी एकदा सुरुवात केली, "तुमचं..." तोवर माझे मिस्टर बायपासवरून मान वळवून म्हणाले, "हिचं इकडचंच, धुळ्याकडचं." मी हसले आणि बशीकडे बघायला लागले.

आठवड्याने लेकीचा फोन आला. आवाज बसलेला.

"आई, तुला ती माणसं आवडली नाहीत का?"

"आवडली की."

"मग त्या असं का म्हणतात? म्हणतात, तुझ्या आईने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साधं माहेर विचारलं नाही. चहा ठेवून दिला. आम्ही त्यांच्या तोलाचे वाटलो नसू. त्या म्हणतात, मनात काय आहे ते ज्यांच्या तोंडावर येत नाही, अशा घराशी जन्माची सोयरीक कशी करायची?"

"मग आता?"

"आता काय? तो म्हणतो, आईचं मन वळेपर्यंत थांबू. मला नाही थांबायचं कुणाचं मन वळेपर्यंत. तू फोन कर ना त्यांना. बोल ना काहीतरी!"

मी फोन हातात घेऊन बसले. काय बोलणार? तुमचा मुलगा छान आहे? ते सगळेच म्हणतात. मला तो आवडलाच होता. पण एक गोष्ट मनात सारखी टोचत होती, ती फोनवर बोलण्यासारखी नव्हती: एवढ्या नेटक्या घरात, एवढ्या नेटक्या बाईच्या हाताखाली, माझी मोठ्याने हसणारी पोरगी माझ्यासारखी होऊन जाईल का? हे विहिणीला कसं विचारायचं? मी नंबर काढायचे, बघायचे आणि फोन उलटा ठेवायचे. माझ्या गप्प बसण्याने लेकीचं लग्न मोडत होतं, आणि त्यावर माझ्याकडे उपाय एकच होता, आणखी गप्प बसणं.

नेमका त्याच सुमारास वहिनीचा फोन आला. मी आपलं नेहमीचं सुरू केलं, टेबल, सुटी, उन्हाळा. ती मधेच म्हणाली, "अक्का, तुन्ही माय वाट दखी दखी गई. आते मी मरसू तवय येशी का?"

आई माझी वाट बघून बघून गेली, आता या बाईलाही नाराज केलं, असं वाटलं आणि मी पहिल्यांदा सुटीचा अर्ज केला. साहेबांनी तो न वाचता मंजूर केला. इतक्या वर्षांचं माझं कारण एका सहीत संपलं.

गावी पोचले तर निंब तोच, झोका नायलॉनच्या दोरीचा. दोन दिवस मी नुसती झोपले आणि आमरस खाल्ला. शेवटच्या संध्याकाळी वहिनीने हाताला धरून नदीवर नेलं. मी सांगत होते, मी फक्त बघीन. काठावर पन्नासेक बायका, उन्हाच्या तापाने सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधलेले. पलीकडेही तशाच. गौराई बोळवून झाली आणि पलीकडून सुरुवात झाली.

त्यांची पुढारी चांगलीच तयारीची होती. रुमालातूनही आवाज असा यायचा, की वाळू ओलांडून थेट कपाळावर लागायचा. आमच्याकडच्या तरुण पोरी दोन-तीन उत्तरांत ढेपाळल्या. आजकाल त्या मोबाइलवर हिंदी शिव्या शिकतात. त्या शिव्यांना लांबवर फेकायचं वजन नसतं. पलीकडची हात नाचवत म्हणाली, "तुमना गावना भरीतमा मिरची नही, नि तुमना गावनी पोरीसमा दम नही!"

भरीतावर आली, तेव्हा मी पदर खोचला. वहिनी माझ्याकडेच बघत होती. मी म्हणाले, "वहिनी, एकच बोलते हं."

बोलले. पहिली शिवी घशात अडकून आली, गंजलेल्या नळातून पाणी यावं तशी, आधी हवा, मग तांबडं, मग स्वच्छ. दुसरीला आमचा काठ हसला. तिसरीला पलीकडचाही. त्या तिन्ही मी इथे लिहीत नाही. छापणाऱ्याने माझं काय वाईट केलंय? पण मी त्यांच्या गावच्या सरपंचापासून सुरुवात करून कोंबड्यापर्यंत पोचले, आणि पलीकडची मला एकेक परत करत होती, एकही उसनी नव्हे, सगळ्या ताज्या. अशी जोड मला आयुष्यात मिळाली नव्हती. माझे पाय वाळूत रुतले होते, पदर खोचलेला होता, आणि डोकं, काय सांगू, डोकं इतकं रिकामं आणि गार होतं, की ध्यानाच्या वर्गात ज्याचं वर्णन ऐकून ऐकून मी कंटाळले होते ते हेच असावं असं मनाला चाटून गेलं. तेवढ्यात तिने जोराने हात झटकला आणि तिच्या तोंडावरचा रुमाल सुटला.

मुख्याध्यापिका.

साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, टिकली घामाने भुवईवर आलेली, पण त्याच. माझं वाक्य अर्ध्यात तुटलं. रुमाल माझ्याही तोंडावरून केव्हाच घसरला होता. त्यांनी कपाळावर आडवा हात धरून माझ्याकडे पाहिलं, आणि हात तसाच राहिला. मला फक्त लेकीचा बसलेला आवाज ऐकू येत होता. संपलं, मी मनात म्हटलं. आता ही बाई धुळ्याला जाऊन काय सांगेल?

वहिनी मागून ढोसायला लागली, "बोल ना वं अक्का! चूप बठनी तं गाव हारी जाई!"

मी बोलू शकत नव्हते. बोलल्या त्या. त्यांनी पदर पुन्हा खोचला, एक पाऊल पुढे टाकलं, आणि शाळेच्या मैदानावर शेवटच्या रांगेला ऐकू जावं तशा आवाजात ओरडल्या:

"का वं जळगाववाली! मन्हा घर उनी, माहेर नही इचारं, चहा अर्धा टाकी गई! मन्हा चहामा काय पाल पडेल व्हती?"

आमच्या काठाला काही कळलं नाही, पण शिवी वैयक्तिक आहे एवढं कळलं आणि बायका चेकाळल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या रागावल्या होत्या, हे खरं होतं. पण त्या थांबल्या होत्या, माझ्यासाठी. शिवी टाकून, कमरेवर हात ठेवून, उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. मला इतक्या वर्षांत इतक्या आपुलकीने कुणी काही विचारलं नव्हतं.

"पाल नही, साखर पडेल व्हती!" मी ओरडले. "चहा व्हता का पाक? त्यामा गुलाबजाम टाकाना ऱ्हाई गया व्हता!"

"गुलाबजाम खावाले तोंड उघडनं पडस! तुन्हं तोंड शे का बँकनं लॉकर?"

"तुन्हा पोऱ्यानं तोंड दख आधी! मायले फोन करस, मंग शिंकस!"

हे मी बोलले? हो, बोलले. जावयाबद्दल. जो अजून जावई झालेलाही नव्हता. पलीकडच्या काठावर हशा उसळला, कारण बहुतेक ते खरं होतं. मुख्याध्यापिकांनी हसू दाबलं, मी पाहिलं ते. मग त्यांचा आवाज जरा बदलला.

"तू घुमी, तुन्ही पोर बी घुमी व्हई! मन्हा घरमा काय भिंतीसशी बोलू मी?"

माझ्या मनात जे काय टोचत होतं त्यावरच त्यांनी बोट ठेवलं. उत्तर मी जुळवलं नाही. ते यमकात नव्हतं, त्याला चालही नव्हती. शिवी म्हणून ते अगदीच कच्चं होतं.

"मन्ही पोर घुमी नही! घुमी मी शे, मी! मन्ही पोर हासस तं गल्ली ऐकस! नि तिले कोणी चूप बसाडं ना, तं मी येसु धुळाले! आठेथून पाय उचलीसन येसु!"

आवाज फाटला. आमच्या काठावरच्या काही म्हाताऱ्या हसायच्या थांबल्या. नियमाप्रमाणे रडायचं नसतं, म्हणून मी नाक पुसलं फक्त.

मग त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले.

"ये ना वं मग! येवाले कोण नही म्हणस? चहा बिनसाखरना ठेवसू!"

कोण जिंकलं यावर दोन्ही गावांत अजून वाद आहे. आमच्याकडच्या म्हणतात, शेवटचा घाव आपला, चहाचं निमंत्रण ही काही शिवी नव्हे. पलीकडच्या म्हणतात, अलीकडची मधे गप्प बसली होती, आम्ही पाहिलं.

अंधार पडायला लागला आणि बायका पांगल्या. नदीच्या मधोमध वाळूत दरवर्षी एक बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी राहते, ती दोन्ही गावांची. मी तिकडे गेले, त्या तिकडून आल्या. जवळ आल्यावर आम्ही दोघींनी एकाच वेळी खोचलेल्या साड्या सोडल्या आणि निऱ्या नीट केल्या. मला वाटलं, आता पुन्हा "ऊन फार आहे यंदा" सुरू होणार.

"माहेर कुठलं म्हणालात?" त्यांनी विचारलं. गळा माझ्यासारखाच बसलेला.

मी हाताने काठ दाखवला. त्यांनी त्यांचा दाखवला. गोळेवाला आमच्याकडे आलटून पालटून बघायला लागला.

"एक काला खट्टा, एक ऑरेंज," त्या त्याला म्हणाल्या, आणि मग मला, "मला खरंच वाईट वाटलं होतं हो ताई. चहाचं नाही. मला वाटलं, ही बाई मनात आपल्याला काहीतरी म्हणतेय आणि आपल्याला ऐकू येत नाहीये."

"म्हणत होतेच."

"काय?"

"तुमच्या पडद्यांना म्हणत होते. फारच इस्त्रीचे होते."

त्या इतक्या हसल्या की त्यांचा गोळा काडीवरून वाळूत पडला. गोळेवाल्याने दुसरा दिला. मी धीर करून विचारलं, "तुमच्या शाळेत हे माहीत आहे? हे, इथलं?"

"शाळेत? सगळ्यांना. आखाजीनंतर मला दोन-चार दिवस आवाज नसतो. मुलं वाटच बघत असतात." त्या सहज म्हणाल्या. "तुमच्याकडे नाही माहीत?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आश्चर्याने, पण कीव न करता. शेंगदाणे कुणी सालासकट खातं, कुणी सोलून, तेवढाच फरक असल्यासारखं. एकाच बाईत इस्त्रीची साडीही मावते आणि गुडघ्यापर्यंत खोचलेलीही, आणि मधे कुठे शिवण दिसत नाही. मी शिवण शोधत होते आणि त्या काला खट्टा ओढत होत्या.

"तो आधी फोन करतो, मग शिंकतो, हे मात्र खरं आहे," त्या म्हणाल्या. "ते तुमच्या लेकीने सोडवायचं. मला नाही जमलं." मग पर्समधून मोबाइल काढून त्यांनी तिथूनच मुलाला लावला. "अरे, मी बोलतेय. नाही, आवाज असाच आहे. ऐक, त्या घरची माणसं चांगली आहेत. मनातलं बोलतात. तारीख काढायला सांग बाबांना." पलीकडून तो काहीतरी विचारत राहिला, त्यांनी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी मिस्टर मला न्यायला गाडी घेऊन आले. वहिनीने त्यांना पाणी दिलं, पण काही सांगितलं नाही. डोळ्यांनी मला म्हणाली, तूच सांग. धुळं सोडून आम्ही हायवेला लागलो.

"घसा काय झालाय तुझा? बर्फ खाल्लास?"

"खाल्ला. पण त्याच्या आधीच बसला होता. अहो, मला काहीतरी सांगायचंय."

त्यांनी गाडीचा वेग कमी केला. "लग्न मोडलं?"

"नाही. जुळलं."

"मग?"

"कसं जुळलं ते सांगायचंय."

मी सगळं सांगितलं. नदी, काठ, परकरातली मी, सासूबाई आणि उतू गेलेलं दूध, सुटीचे न केलेले अर्ज, ध्यानातला श्वास, आणि काल कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द, अहिराणीतच. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला एका निंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केलं. मी खिडकीबाहेर एका शेळीकडे बघत राहिले. शेळीला काही फरक पडत नव्हता.

"म्हणजे," ते म्हणाले, "सकाळी तू हॉलमध्ये बसतेस तेव्हा..."

"हो."

"आणि मी लोकांना सांगतो, आमच्या घरात शांतता आहे ती हिच्यामुळे."

"ती आहेच ना. बाहेर."

माझ्या जुन्या सवयीने मी माफी जुळवायला घेतली होती. दोन-तीन वाक्यं तयारही झाली होती. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "माझ्यावर एखादी आहे?"

"काय?"

"शिवी. एवढ्या वर्षांत एखादी तरी केली असशील माझ्यावर."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा करत नव्हते. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी मुलं बघतात तसे बघत होते. मी म्हटलं, आहेत. त्यांनी म्हटलं, आहेत म्हणजे? मी म्हटलं, एक कुठली म्हणून सांगू? ते म्हणाले, सुरुवातीपासून सांग.

तर मी पहिली सांगितली. ती ते जेवताना वर्तमानपत्र धरतात त्यावर होती, आणि तीत एका आंधळ्या रेड्याचा उल्लेख होता. त्यांनी ती दोनदा म्हणायला लावली, एका शब्दाचा अर्थ विचारला, आणि विचार करून म्हणाले, "हं. बरोबर आहे." मग गाडी सुरू केली. "पुढची?"

पारोळा आलं तेव्हा मी त्यांच्या घोरण्यावर होते. एरंडोलला त्यांच्या भावकीत शिरले. गळा पूर्ण गेला होता, आवाज कुजबुजीएवढाच उरला होता, आणि गाडी चालवताना ऐकू यावं म्हणून ते सारखे माझ्या बाजूला कान कलता करत होते.